तिकिटाचे पैसे आणि ब्लाउजमधला खिसा

आमचं दुकान नाशिकला, सुरुवात घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनींवर, फॉल-पिको आणि ब्लाउज शिलाई एवढंच. मग येवल्याहून पैठण्या आणून विकायला लागलो, कटिंग मास्तर आले, काज-हुकला दोघी मुली आल्या आणि हळूहळू गाळा झाला. हे बहुतेकांचं असंच असतं, मला सांगायचंय ते आमच्या फॅशन शोबद्दल.

आमच्या एका जुन्या काकूंचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. मुलीच्या लग्नासाठी पैठणी घेतली आणि म्हणाल्या, "ब्लाउज कसाही शिव गं, मी वरून शालच घेणारे." मला इतकं वाईट वाटलं की काय बोलावं कळेना. माप मीच घेतलं, मास्तरांशी बोलले. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात सुजू शकतो, म्हणून तिकडचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, आणि बाही सैल ठेवली, हात मागे न्यायला लागू नये म्हणून हुक पुढे, गळा जरा वर, आणि अस्तराला आतून मऊ सुती कापडाचा खिसा, काढलेल्या स्तनाच्या जागी घालायचा सिलिकॉनचा कप त्यात नीट बसतो, घसरत नाही. तीनदा उसवला तो ब्लाउज. लग्नात काकू शाल न घेता दिवसभर वावरल्या, त्यांनी फोटो पाठवला तेव्हा मास्तर आणि मी दोघंही रडलो.

तिथूनच शो करायचं डोक्यात आलं, रॅम्पवर अशाच बायका चालतील आणि तिकिटाचे पैसे गरजू पेशंटच्या उपचाराला जातील. मुंबईत कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनसाठी फॅशन डिझायनर शायना एनसी असे शो करत आल्यात, शबाना आझमींच्या मिजवान संस्थेसाठी मनीष मल्होत्रांनी केलेत, तिथे सिनेमातले लोक चालतात. आमच्याकडे गल्लीतल्या मावशी आणि काकू.

पहिल्या शोची तिकिटं सगळी गेली पण हॉल, लाइट, साउंड, मेकअप आणि ज्या इव्हेंटवाल्याला काम दिलं त्याने ठरल्यापेक्षा जास्तीचं बिल लावलं, पेशंटना मदत करणाऱ्या ट्रस्टला द्यायला फार थोडं उरलं. लोकांनी पेशंटसाठी म्हणून दिलेले पैसे लाइटच्या बिलात गेले हे मला आजही खटकतं. कमी पडले ते दुकानाच्या गल्ल्यातून भरले, त्या दिवाळीत नवीन मशीन घ्यायचं होतं ते राहिलं.

तेव्हापासून तिकिटाच्या पैशाला हात लावायचा नाही हे पक्कं केलं. आधी स्पॉन्सर, मग हॉल. अमेरिकेत एबनी मासिकाचा फॅशन शो 1958 पासून 2009 पर्यंत गावोगावी फिरायचा, युनिस जॉन्सन बाईंनी तो वर्षानुवर्षं चालवला, तिकिटातच मासिकाची वर्गणी धरलेली असायची आणि बाकीची रक्कम त्या त्या गावातल्या संस्थेला, असे 5 कोटी डॉलरच्या वर पैसे उभे राहिले. ते वाचून आम्ही तिकिटासोबत ब्लाउज शिलाईचं कुपन द्यायला लागलो, शिलाईचा खर्च आमचा, पण त्यातून नवीन गिऱ्हाईक येतं म्हणून दुकानालाही परवडतं. तिकिटाच्या वर कुणी दिलेली देणगी थेट ट्रस्टच्या खात्यात, पावतीही त्यांचीच, आणि ज्यांना देणगीवर इन्कम टॅक्सची सवलत हवी त्यांना 2000 च्या वर रोख चालत नाही हे आधीच सांगतो, नाहीतर नंतर लोक नाराज होतात. शो झाला की जमाखर्चाचा कागद दुकानाच्या काचेवर लावतो, कुणीही वाचावा.

खरं सांगू का, मला रॅम्पपेक्षा सरावाचा दिवस जास्त आवडतो. गेल्या वेळी एक ताई आरशासमोर पदर पुन्हा पुन्हा डाव्या बाजूला ओढत होत्या, शेजारची म्हणाली "सोडा हो, काही दिसत नाही," आणि त्यांनी पदर सोडला, पिन लावली, आणि चालायला लागल्या.

आता खिशाच्या ब्लाउजच्या ऑर्डरी मालेगाव, धुळ्याहूनही येतात. खिशाचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. तुम्ही शिवणकाम करत असाल आणि कुणासाठी असा ब्लाउज शिवायचा असेल तर दुकानात या, मास्तर कटिंग कागदावर काढून देतात.