रांग पडलीय बघ

लंडनमधल्या एका कपड्यांच्या कंपनीला मी डिझाइन पाठवलं होतं. फाइलचं नाव होतं ‘कोयरी ३’. उलट टपाली मेल आली, ‘कोयरी या तुमच्या सहकारी आहेत का? पुढचे बदल थेट त्यांनाच कळवू का?’

मी ग्लासगोत घरातल्या घरात, एकटीच काम करते. सहकारी म्हणायचंच तर खिडकीत ठेवलेली पितळी कोयरी आहे एक, आजीची, हळदीकुंकवाची. तिच्या एका कप्प्यात हल्ली निबा असतात आणि दुसऱ्यात टाचण्या. आजीनं कपाळाला हात लावला असता. तर ते डिझाइन तिच्याच आकारावरून काढलेलं. झाकणाची कड, बिजागरीजवळचा ठिपका, एका बाजूला वळलेलं टोक, सगळं समोर ठेवून. कोयरी कोण ते मी त्या बाईंना कळवलं. त्यांचं उत्तर काय आलं ते पुढे सांगते.

मी कापडावर छापायच्या नक्ष्या काढते. इथे आले त्याला नऊ वर्षं झाली, पण माहेरी अजून कुणाला नीटसं पटलेलं नाही की हा पोटापाण्याचा धंदा असू शकतो. मावशी दर फोनला विचारते, “म्हणजे भरतकाम का गं?” खरं तर इचलकरंजीच्या माणसांना तरी हे सांगावं लागू नये. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गाव कापडावरच जगतंय. अण्णांचे आठ माग होते. रात्री खडखडाट चालू असेपर्यंत आम्ही गाढ झोपायचो, आणि वीज जाऊन माग थांबले की सगळे जागे. पण आमच्याकडे विणलं जायचं ते कोरं कापड, ग्रे. मळकट पांढरं, खळीच्या वासाचं. ते ट्रकनं राजस्थानात बालोत्र्याला नाहीतर गुजरातेत जेतपूरला जायचं आणि रंग, छपाई जी काय व्हायची ती तिकडेच. कापडावर फूल उमटतं कसं, हे मी पंचविशीपर्यंत पाहिलं नव्हतं.

आता तेच करते. आणि खरं सांगायचं तर फूल काढणं हा यातला सोपा भाग आहे.

अवघड असतो तो रिपीट. कापड शंभर मीटर असो की हजार, मी काढते तो एक तुकडाच. तो चारही बाजूंनी स्वतःलाच असा चिकटला पाहिजे की जोड दिसता कामा नये. ठोकळ्यांची छपाई होती तेव्हाही हेच गणित होतं. आज रोटरी स्क्रीनवर, म्हणजे जाळीच्या फिरत्या नळकांड्यावर छापायचं असेल तर त्या नळकांड्याचा घेर सहसा ६४ सेंटिमीटर असतो, म्हणून नक्षीची उंची ६४, नाहीतर त्याला पूर्ण भाग जाईल अशी, ३२ किंवा १६. शिवाय प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. सहा रंग सांगितले असतील तर सातवा हिरवा कितीही जीव लावून मिसळलेला असो, तो जातोच. डिजिटल छपाईत ही दोन्ही बंधनं नाहीत. पण बंधन नसलं की माणूस चाळीस रंग वापरतो आणि कापड जत्रेसारखं दिसतं, हे स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

संगणक असला तरी पहिला तुकडा मी कागदावरच करते. चौकोनी कागद घ्यायचा, मधोमध गुआशनं, म्हणजे पाण्यात कालवायच्या दाट अपारदर्शक रंगानं, मोठी फुलं काढायची, पण कडांना स्पर्श करायचा नाही. रंग वाळला की कागद उभा-आडवा कापून चार तुकडे करायचे आणि कोपऱ्यांची अदलाबदल करायची. डावीकडचे तुकडे उजवीकडे, वरचे खाली. आता आधीच्या बाहेरच्या कडा मध्ये येतात आणि पोटात अधिकाच्या आकाराची पांढरी वाट उरते. ती भरायची. ज्या फुलांचे कापून तुकडे झाले ती आपोआप समोरच्या कडेला जाऊन जुळतात. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला जादूच वाटली होती. त्यापुढे हाफ ड्रॉप. शेजारची उभी ओळ अर्ध्यानं खाली सरकवायची, विटांची भिंत आडवी पाडल्यासारखी, म्हणजे डोळ्याला चौकडा सापडत नाही.

तरी डोळा काहीतरी शोधतोच. नऊ तुकडे छापून भिंतीवर लावायचे, खोलीच्या पार टोकाला जायचं आणि डोळे बारीक करून बघायचं. फुलं पुसट होतात आणि रिकाम्या जागा पुढे येतात. कुठे जागा जास्त राहिली असेल तर ती प्रत्येक तुकड्यात तिथेच राहते आणि कापडभर एक पांढरी पायवाट तयार होते. ही पायवाट मला दिसत नाही. अजूनही नाही. आपण चार दिवस ज्या फुलांवर मान मोडून बसलो, त्यांच्याकडेच लक्ष जातं.

अण्णांना दिसते. एकदा व्हिडिओ कॉल चालू होता, मागच्या भिंतीवर नऊ तुकडे टांगलेले. मी डाळीला फोडणी देत होते. अण्णा मधेच म्हणाले, “डावीकडनं वर रांग पडलीय बघ.” मी वळून बघितलं, मला काही दिसेना. “फोन भिंतीजवळ ने. आता मागं घे. ते पिवळं फूल हाय त्याच्या खालनं. दिसली?” दिसली. पिवळ्या फुलाखालून निघून थेट छतापर्यंत गेली होती. चाळीस वर्षं घडीच्या टेबलाशी उभं राहून कापडातली तुटलेली तार हेरणाऱ्या माणसाला फोनच्या वीतभर पडद्यावर जे दिसलं, ते मला खोलीभर कागद लावून दिसलं नव्हतं. तेव्हापासून माझं कुठलंही डिझाइन अण्णांच्या नजरेखालून गेल्याशिवाय जात नाही. फुलं कशी आहेत यावर ते कधी बोलत नाहीत. त्यांच्या मते तो त्यांचा विषय नाही.

एकदा घाईत त्यांना दाखवायचं राहिलं, आणि नेमकं त्याच वेळी गोत्यात आले. तुकड्याची रुंदी पिक्सेलच्या अपूर्णांकात राहिली होती, त्यामुळे जोडावर केसाइतकी फिकी रेघ आली. पडद्यावर कळत नव्हती, गडद निळ्या कापडावर मात्र लख्ख. एकशेवीस मीटर छापून झाल्यावर गिऱ्हाइकाचा फोन आला. चूक सरळसरळ माझी होती, पैसे सोडले. अण्णांना सांगितलं तर ते उलट तिकडच्यांवरच चिडले. “एकशेवीस मीटर होईपर्यंत घडीवाला झोपला होता का?”

इथला हिवाळा या कामाला वैरी आहे. डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि पावणेचारला मावळतं, आणि त्या मधल्या सात तासांतही बहुतेकदा आभाळच. अशा उजेडात मी बसते उन्हाळ्याची फुलं रंगवत. आत्ता काढलेली नक्षी दुकानात कपडा होऊन यायला सव्वा वर्ष तरी जातं, त्यामुळे ऋतूंचं भान तसंही सुटलेलंच असतं. पण रंग दगा देतात. दिव्याखाली जुळवलेले दोन राखाडी सकाळी खिडकीपाशी नेले तर एक जांभळट, एक हिरवट. एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे, याला मेटामेरिझम म्हणतात. त्यासाठी ठरावीक दिवसासारखा प्रकाश देणारी पेटी मिळते. मला ती घ्यायला दोन वर्षं लागली. पहिल्यांदा तिच्यात कापड धरलं तेव्हा आई आठवली. साडी कितीही आवडली तरी ती उचलून दुकानाच्या पायरीशी न्यायची, उन्हात उलगडायची, आणि मग “आत वेगळी दिसत होती हो” म्हणून परत द्यायची. दुकानदार वैतागायचा. आईचं बरोबर होतं.

आता त्या मेलकडे. कोयरीच्या नक्षीला इकडे पेस्ली म्हणतात. लंडनच्या बाईंचं उत्तर आलं, आकार छान आहे पण ही पेस्ली वाटत नाही, थोडी अधिक पारंपरिक करता येईल का? सोबत नमुन्यादाखल एका जुन्या शालीचा फोटो. शाल पेस्लीची होती.

पेस्ली हे गाव माझ्या घरापासून अकरा-बारा किलोमीटरवर आहे. ग्लासगो सेंट्रलला गाडीत बसलं की चहा निवायच्या आत पेस्ली गिल्मोर स्ट्रीट येतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मिरी शाली ईस्ट इंडिया कंपनीच्या वाटेनं इकडे येऊ लागल्या. एक शाल विणायला तिकडे वर्ष-वर्ष लागायचं, किंमतही तशीच. मग एडिंबरा, नॉरिच अशा गावांनी त्यांची नक्कल सुरू केली आणि १८०५च्या सुमाराला पेस्ली त्यात उतरली. लंडनला नवीन काश्मिरी माल उतरला की नक्षी उतरवून आणायला पेस्लीचे व्यापारी माणसं पाठवत. पुढे गुंतागुंतीची नक्षी आपोआप विणणारे जॅकार्ड माग आले, शाली स्वस्त झाल्या, गाव भरभराटीला आलं. १८७०च्या आसपास बायकांच्या झग्यांना मागे फुगा आला, तो शालीनं झाकणार कोण, म्हणून फॅशन बदलली आणि धंदा बसला. नक्षीला नाव मात्र गावाचं चिकटलं ते कायमचं. काश्मिरात बुटा, आपल्याकडे कोयरी. अमेरिकेत गोधड्या शिवणाऱ्या बायका तिला ‘पर्शियन पिकल’ म्हणत, म्हणजे इराणी लोणचं. कैरी-लोणचं, म्हणजे फार काही दूर गेल्या नाहीत.

मला राग यायला हवा होता का? एका मैत्रिणीच्या मते यायलाच हवा होता, मी चांगलं सणसणीत उत्तर लिहायला हवं होतं. पण त्याच महिन्यात मी एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या नमुन्याच्या वह्या बघत होते, आणि त्यांनी माझी जरा पंचाईत केली. १७८५ साली ग्लासगोत ‘तुर्की लाल’ रंगाचा कारखाना निघाला. मंजिष्ठाच्या मुळांचा, तेलात कापड पुन्हापुन्हा बुडवून पक्का केलेला लाल. पुढे लोमंड सरोवरातून निघणाऱ्या लेव्हन नदीच्या काठावर या रंगाचे मोठमोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांचं एक मोठं गिऱ्हाईक होता हिंदुस्थान. त्या वह्यांत पानोपानी आपला माल. लाल खोडून त्या जागी पिवळे, निळे, हिरवे मोर भरलेले. बुट्टे, वेली, कोयऱ्या. गाठोड्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर आपले देव. स्कॉटलंडच्या पावसात बसून कुणीतरी मुंबईच्या बाजारासाठी मोर काढत होतं. मोराची मान चुकलीय एका ठिकाणी, बगळ्यासारखी झालीय. पण रिपीट? जोड सापडला नाही मला. अर्धा तास शोधत होते.

नाव नाही कुठे त्या माणसाचं. या धंद्यात ते नसतंच. वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉश, ज्याच्या ग्लासगोतल्या इमारती बघायला जगभरातून माणसं येतात, त्याची वास्तुरचनेची कामं आटल्यावर तो १९१५ साली लंडनला गेला आणि पुढची काही वर्षं त्यानं कापडाच्या कंपन्यांना नक्ष्या काढून विकल्या. ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात त्या बघायला मिळतात, फार सुंदर आहेत. त्या कुणी जपल्या, कारण तो मॅकिंटॉश होता. माझं डिझाइन विकलं की विकलं. चारशे-पाचशे पौंड मिळतात आणि कागद, फाइल, हक्क सगळं तिकडे. त्यावर माझं नाव येत नाही, मी ते पुन्हा कुठे दाखवूही शकत नाही. तिकडे त्याचे रंग बदलतात, आकार लहानमोठा करतात, मुलांच्या पायजम्यावर टाकतात. पहिल्या वर्षी एकदा रडले होते यावरून. आता बिल वेळेवर फेडलं नाही तरच रडू येतं.

त्या बाईंना मी दोन डिझाइन्स पाठवली. एक त्यांना हवी तशी, सडपातळ, शेपटी लांबवलेली, आत पानाफुलांची खच्चून भरलेली पेस्ली. दुसरी माझीच, फक्त फाइलचं नाव बदलून ‘पेस्ली ४’. टोकाचा बाक, बिजागरीचा ठिपका, काही म्हणता काही बदललं नाही. त्यांनी दुसरी घेतली. ‘आता अगदी बरोबर वाटतेय’ असं लिहिलं.

परवा पेस्लीहून परत येताना गाडीत समोर एक मुलगी बसली होती, कोटाची बटणं उघडी, आत झगा. गर्द हिरव्यावर फिकट केशरी. रंग माझे नव्हते, म्हणून ओळखायला दोन स्टेशनं गेली. मग ठिपका दिसला. कापड वाचवायला निम्मे तुकडे उलटे कापले असणार, कमरेखालच्या सगळ्या कोयऱ्या डोक्यावर उभ्या होत्या. मी जोड शोधत राहिले. ती दोनदा माझ्याकडे बघून खिडकीकडे वळली, मग मीही वळले.

घरी येऊन अण्णांना फोन केला. रांग नव्हती हो कुठे, म्हटलं.

“कापड कुठलं होतं?”

व्हिस्कोस असावं.

“मग पहिल्याच धुण्यात आटणार ते,” अण्णा म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.