थंड पाण्यातलं गॅलापागोस: नाशिकमधून तयारी

गॅलापागोसला डायव्हिंगसाठी जायचं ते ऑगस्टमध्येच, हे अखेर ठरलं. मला जानेवारी ते मे हवे होते. तेव्हा पाणी उबदार आणि समुद्र शांत. पण धाकटी बहीण अडून बसली. "दादा, थंडीला भिऊन व्हेल शार्क सोडायचे का?"

नाहीच सोडायचे. इक्वेडोरपासून सुमारे 1,000 किलोमीटरवरच्या या ज्वालामुखी बेटांचं सगळं वैभव गार पाण्याचंच आहे. दक्षिणेकडून हंबोल्टचा थंड प्रवाह येतो. पश्चिमेकडून खोलातून येणारा क्रॉमवेल प्रवाह बेटांच्या उतारांवर आदळून वर उसळतो. तळाची पोषकद्रव्यं वर येतात, प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतं, त्यामागे मासे. विषुववृत्तावर पेंग्विन दिसतात ते त्यामुळेच.

उत्तरेकडच्या वुल्फ आणि डार्विन बेटांवर वस्ती नाही. तिथे डायव्हिंग करायचं तर बोटीवरच मुक्काम. डार्विनजवळची प्रसिद्ध दगडी कमान 2021 मध्ये कोसळली, दोन खांब उरले. पण खाली हॅमरहेड शार्कचे थवे आजही फिरतात. प्रवाह इतका जोरदार की हातमोजे घालून खडकाला धरून थांबायचं आणि वर बघत राहायचं. तो खडकही आपल्या ब्रह्मगिरी-अंजनेरीसारखा बेसॉल्ट! आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, गॅलापागोसच्या काही बेटांवर मात्र अजून लाव्हा उसळतो.

आम्ही डायव्हिंग शिकलो तारकर्लीच्या कोमट पाण्यात, म्हणून सध्या नाशिकच्या थंडीत पहाटे तलावावर सराव चालू आहे. सात मिलिमीटर जाडीचा डायव्हिंग सूट पाण्यात अंगाला वर उचलतो, कंबरेला शिसं जास्त बांधावं लागतं. सगळ्यात चिवट काम सिग्नलच्या फुग्याचं: एका हातात रीळ, दुसऱ्याने फुग्यात हवा भरायची आणि खोली जराही बदलू द्यायची नाही. प्रवाहाने लांब नेलं तर बोटीला आपण दिसणार ते त्या केशरी फुग्यामुळेच. हे हातात बसल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.

खर्च मोठा आहे. परदेशी प्रौढांसाठी गॅलापागोस राष्ट्रीय उद्यानाचं शुल्कच 2024 मध्ये 100 वरून 200 डॉलर झालं. जपणुकीसाठी ते द्यायला मला आनंद वाटतो.

उंचीवर हवेचा दाब कमी होतो, म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमान नाही. तो दिवस तिथल्या पोर्तो आयोरा गावात, समुद्रसपाटीलाच, डार्विन संशोधन केंद्रातली महाकासवांची पिल्लं बघण्यासाठी राखलाय.