आधी मूळ, मग बदल : घरामागच्या शेडपासून आमची वाटचाल

बाबांची जीप घरामागे अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. टायर जमिनीत रुतलेले, पुढच्या सीटखालचा पत्रा बोटाने तुटेल इतका गंजलेला. भंगारवाला येऊन वजनाच्या हिशेबाने भाव सांगून गेला. मी तेव्हा एका कारखान्यात आरेखक होते आणि दादा दुसरीकडे लेथवर टर्नर. त्या संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, एवढ्यात देऊ नकोस. उघडून तरी बघू." जुन्या जीपसारख्या गाड्या उघडून पुन्हा उभ्या करायच्या आमच्या व्यवसायाची सुरुवात इतकीच.

जीप सीजे-३बी होती. विलीज कंपनीने हे मॉडेल १९५३ मध्ये आणलं. आधीच्या जीपपेक्षा हिचं बॉनेट उंच, कारण आतल्या हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह (आत घेणारे) वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर सोडणारे) बाजूला ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिनच उंच. लहानपणापासून मला ते बॉनेट बेढब वाटायचं. कारण कळल्यावर ते आवडायला लागलं. मग या गाडीतल्या प्रत्येक गोष्टीमागचं कारण शोधायची सवयच लागली, आणि आजही आमच्या कामाचा पाया तोच आहे.

पहिल्या गाडीला आम्ही तीन वर्षांचे रविवार दिले. त्यात मोठी चूक केली ती क्रमाची. बॉडी उतरवली, नवा पत्रा जोडला, रंग दिला, आणि उत्साहाच्या भरात गाडी उंच करायला लांब शॅकल (स्प्रिंगच्या पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या) आणि ३१ इंची टायर बसवले. गाडी दिसायला देखणी झाली. पहिल्याच चकरेत वेग थोडा वाढताच पुढची चाकं थरथरायला लागली आणि स्टिअरिंग हातात धरवेना. दादाने गाडी बाजूला घेतली. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

दोष आमच्या शॅकलमध्ये होता. या जीपला पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला असते. शॅकल दोन इंचांनी लांब केली तर गाडी फक्त एक इंच उचलली जाते, पण पाट्याचं पुढचं टोक चेसिसच्या मानाने खाली जातं आणि त्यासोबत अॅक्सल, म्हणजे चाकांचा आसही पुढे झुकतो. पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं त्या किंगपिनचा मागे असलेला कल, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. आणि चाक आपोआप सरळ ठेवण्याचं काम तोच कल करत असतो. एक इंच उंचीसाठी आम्ही गाडीचं सरळ चालणं घालवलं होतं.

शॅकल मूळच्या लावल्या. थरथर बरीच कमी झाली, तरी गाडी एका बाजूला ओढतच होती. मग मी कारखान्यातली रीत घरी आणली. गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) सपाट उभी केली, पाट्यांच्या प्रत्येक टोकापासून ओळंबा सोडला आणि फरशीवर खडूने फुल्या मारल्या. गाडी बाजूला ढकलून दोन कर्ण मोजले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा चौदा मिलिमीटर जास्त भरला. कधीतरी पुढचा कोपरा कशाला तरी आदळला असणार आणि चेसिस किंचित तिरकी झाली होती. रंग दिलेली बॉडी पुन्हा उतरवावी लागली. दादा लेथवर अर्ध्या मिलिमीटरला झोप घालवणारा माणूस. त्याने बॉडीचा पहिला बोल्ट स्वतःच काढला.

तेव्हापासून गाडी आली की आधी खडू आणि ओळंबा. फरशीवरच्या जुन्या फुल्या आम्ही पुसत नाही.

हळूहळू ओळखीतले लोक आपापल्या गाड्या घेऊन यायला लागले. पहिली दोन कामं आम्ही ठोक रकमेत घेतली आणि तोटा सोसला. जुनी गाडी उघडल्याशिवाय तिचं काम किती ते कळतच नाही. आता आम्ही आधी फक्त उघडून तपासणीचं काम घेतो, काय सापडलं ते फोटोंसह लिहून देतो, आणि पुढचा अंदाज टप्प्याटप्प्याने सांगतो. काहींना हे पटत नाही, ते दुसरीकडे जातात. त्याची खंत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पुढच्या अॅक्सलवर. या जुन्या गाड्यांना चाकाजवळ लोखंडी गोळा असतो, त्याच्या आत जॉइंट फिरतो आणि बाहेरून फेल्टचं (नमद्याचं) सील बसतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की गोळ्यावर गंजाचे खड्डे पडतात. मग कितीही नवं सील घाला, ऑइल झिरपून ब्रेक ड्रमच्या आसपास पोचणारच. म्हणून सील बदलण्याआधी आम्ही गोळ्यावरून नख फिरवतो. नख अडकलं की खड्डे भरून गोळा पुन्हा गुळगुळीत करायचा, मगच सील. किंगपिनच्या बेअरिंगवर किती दाब हवा ते शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून ठरवतात. आम्ही सील चढवण्याआधी स्टिअरिंगच्या आर्मला स्प्रिंगकाटा अडकवून ओढतो आणि काट्यावर किती ओढ येते ते वहीत लिहितो. हाताला 'घट्ट वाटतंय' हे माप आम्हाला चालत नाही.

ब्रेकच्या बाबतीत मात्र आम्ही मूळ रचना जपत नाही. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना ब्रेक ऑइलची एकच लाइन असते. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. प्रत्येक मालकाला आम्ही दोन वेगळ्या सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) सुचवतो. जुन्या ब्रेक शूच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती हवेने उडवायची नाही, ओली करून पुसायची. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला आमच्याकडे वेल्डिंग होत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. तळाशी उरलेली वाफच जास्त धोक्याची.

चेसिस गंजली असेल तर हातोडीने टोकत जायचं. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, आतून पोखरलेलं बद्द. पट्टी जोडताना तिची टोकं सरळ उभी ठेवत नाही, हिऱ्यासारखी तिरकी कापतो, म्हणजे वेल्डिंगची रेघ चेसिसला एकाच आडव्या रेषेत कापत नाही आणि ताण पसरतो. एकदा एक जुनी लँड रोव्हर आली. १९४८ मध्ये अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा मांडली गेली. युद्धानंतर पोलादाची टंचाई असल्याने बॉडी बर्माब्राइट नावाच्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली होती. बॉडी शाबूत, पण जिथे अॅल्युमिनियम पोलादाला टेकतं तिथे पांढरी भुकटी साचलेली. दोन धातू आणि मध्ये ओल, म्हणजे अॅल्युमिनियम झिजणारच. परत जोडताना प्रत्येक सांध्यात आम्ही रबराचा थर आणि सीलंट घातलं. काम चौपट वेळ खाऊन गेलं, पण त्या गाडीने आम्हाला खूप शिकवलं.

आता बदलांबद्दल, कारण लोक त्यासाठीच येतात. मोठे टायर हवे असतात सगळ्यांना. मी कागदावर गणित मांडते. सीजे-३बीचा पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लो गिअर २.४६, अॅक्सल ५.३८; गुणाकार केला तर इंजिन साधारण ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. चढावर गाडी पावलापावलाने चढते ती याच जोरावर. मूळ टायर साधारण २८ इंची. ते ३१ इंची केले की हाच आकडा ३३-३४ असल्यासारखा वागतो, ब्रेकवर भार वाढतो आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो. एवढं समजून कोणी म्हणालं की तरी हवेत, तर आम्ही अॅक्सलचं गुणोत्तर आणि ब्रेक यांसकट पूर्ण काम करतो. नुसते टायर चढवून देत नाही.

उंची वाढवली की गिअरबॉक्सकडून अॅक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (टोकाच्या वळत्या सांध्याचा) कोनही वाढतो. कोनामुळे शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत कमीजास्त होतो; दोन्ही टोकांचे कोन सारखे नसतील तर तो फरक दुसऱ्या टोकाला पुसला जात नाही आणि सगळी गाडी घुमते. शाफ्टच्या दोन तुकड्यांवर बाण असतात, ते समोरासमोर यावे लागतात. स्प्लाइन (तुकडे एकमेकांत बसवणारे दाते) एका दाताने चुकली तरी कंप येतो. आमच्या हातून हे एकदा घडलंय, आणि तेव्हा दोन दिवस गिअरबॉक्समध्ये दोष शोधत बसलो होतो. आता शाफ्ट काढण्याआधीच बाणांवर पांढरा रंग लावतो.

गाडी परत देताना मालकाला शेजारी बसवून मी एक गोष्ट हमखास सांगते : कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील (चारही चाकांना ताकद) लावू नका. या गाड्यांच्या मधोमध डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतं. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि तो फरक मातीत घसरून सुटतो. डांबरावर सुटत नाही. मग सगळी यंत्रणा पिळली जाऊन लिव्हर अडकतो. थोडं सरळ मागे घेतलं की बहुतेक वेळा सुटतो.

मी नोकरी सोडली ती चौथी गाडी उभी राहिल्यावर. दादाने आणखी वर्षभर थांबून सोडली. वहिनी आता सुट्या भागांचा हिशेब आणि फोटोंच्या वह्या सांभाळते. कुठला बोल्ट कुठल्या बरणीत आहे ते तिला आमच्याआधी सापडतं. शेडमध्ये एका वेळी दोनच गाड्या घेतो. बाबांची जीप विकलेली नाही, ती मूळ मापाच्या टायरवर शेडच्या दाराशी असते. कोणी चार इंच उंचीचा हट्ट धरला की दादा त्याच्या हातात तिची किल्ली देतो, आणि दोघं एक चक्कर मारून येतात.