लेबलबाहेरचे औषध आणि ते जाणणारा डॉक्टर

एका आजारासाठी मान्यता मिळालेले औषध डॉक्टर दुसऱ्याच आजारासाठी सुचवतात, तेव्हा त्यामागचा अभ्यास त्यांना कितपत ठाऊक आहे हे घरच्यांनी ओळखायचे कसे, हा प्रश्न आईच्या डोळ्यांमुळे आमच्यापुढे आला. वयोमानाने होणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) झिजेचा ओला प्रकार, म्हणजे पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या वाढून त्यांतून द्रव झिरपणारा प्रकार, तिला झाला होता. दाराची सरळ चौकट तिला मध्येच वाकलेली दिसू लागली होती. यावर डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागतात, आणि त्यांपैकी खिशाला परवडणारे अवास्टिन हे मुळात मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी आलेले औषध आहे.

पहिल्या दवाखान्यात "सगळेच हे घेतात, काळजी करू नका" एवढेच उत्तर मिळाले. ते चूक नव्हते, पण पुरेसेही नव्हते. दुसऱ्या रेटिनातज्ज्ञांनी मात्र, हे औषध डोळ्यासाठी बनवलेले नाही, हे आम्ही विचारण्याआधीच सांगितले. अमेरिकेतील ज्या चाचणीत ते, डोळ्यासाठीच मान्यता असलेल्या महागड्या ल्युसेंटिस या इंजेक्शनशी ताडून पाहिले गेले, तिचे 2011 साली आलेले निष्कर्ष त्यांनी समजावून दिले: नजर सुधारण्यात दोन्ही औषधे जवळजवळ सारखीच ठरली होती. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2013 मध्ये डोळ्यांसाठी ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

खरी मेख पुढे आहे. कर्करोगासाठीची कुपी 4 मिलिलिटरची असते आणि डोळ्याला लागते 0.05 मिलिलिटर, म्हणून एकच कुपी अनेक सिरिंजमध्ये विभागली जाते; त्या वाटपात निर्जंतुकता राखली गेली नाही, तर एकाच दिवशी अनेकांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग होऊ शकतो. गुजरातमध्ये काही रुग्णांना असा त्रास झाल्यानंतर जानेवारी 2016 मध्ये देशातील औषधांना मान्यता देणाऱ्या औषध महानियंत्रकांनी डोळ्यातील वापराविरुद्ध इशारा दिला होता, आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी बाजू मांडल्यावर तो त्याच वर्षी मागे घेण्यात आला. म्हणूनच कुपी कोण, कुठे आणि कशी विभागते, उरलेल्या औषधाचे काय होते, हे प्रश्न मी विचारले. जाणकार डॉक्टर अशा प्रश्नांनी दुखावत नाही. आमच्या डॉक्टरांनी संमतिपत्रातली "मान्यताबाह्य वापर" ही ओळ बोट ठेवून वाचून दाखवली, आणि डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर अचानक धूसर झाली, तर सकाळची वाट न पाहता फोन करायला सांगितले.

असा डॉक्टर जाहिरातीतून सापडत नाही. मधुमेह वा कर्करोग हमखास बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या सर्रास दिसतात. तिथे मी पायरीही चढणार नाही. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयाचा त्या आजाराचा विभाग गाठावा, आणि डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासावी, हे मला अधिक भरवशाचे वाटते.

हे फक्त डोळ्यांपुरते नाही. नसांच्या वेदनेसाठी रात्री अल्प मात्रेत दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन ही मूळची नैराश्यावरची गोळी. ते आधी सांगितले नाही, तर रुग्ण माहितीपत्रक वाचून, "मला वेड लागले आहे असे डॉक्टरांना वाटते" असा समज करून घेतो आणि गोळी परस्पर बंद करतो. पेन क्लिनिकमधले अनुभवी डॉक्टर म्हणूनच चिठ्ठी लिहितानाच कारण सांगतात, शिवाय तोंड कोरडे पडेल आणि सकाळी गुंगी राहू शकेल, हेही.