निकितिनच्या गावात नाना

शनिवार, १४ जून. त्वेर.

आज नानांना त्वेर दाखवलं. रशिया बघायला येणारी माणसं मॉस्को बघतात, मग पीटर्सबर्गच्या गाडीत बसतात, आणि त्वेर खिडकीतून मागे पडतं. पण जुन्नरच्या माणसानं रशियात येऊन आधी पाहावं असं गाव हेच, हे मी नानांना फोनवर केव्हापासून सांगत होते. साडेपाचशे वर्षांपूर्वी इथून निघालेला एक व्यापारी आमच्या जुन्नरात येऊन पावसात अडकला होता. अफनासी निकितिन त्याचं नाव. मी मेडिकलला इथं आले तेव्हा मलाही ते माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी रशियन शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, भारतात कुठली तू? मी जुन्नर म्हटलं, आणि बाईंचा चेहरा असा उजळला की जणू मी त्यांच्या माहेरचं नाव घेतलं.

सकाळी आधी त्माका नदीपलीकडच्या बेलाया त्रोइत्सा चर्चला गेलो. १५६४ सालचं, गावातली सगळ्यात जुनी दगडी इमारत. नानांनी सवयीनं दारातच बूट काढायला घेतले. मेणबत्त्या विकणाऱ्या आजी धावत आल्या, बूट राहू द्या म्हणाल्या, आणि डोक्याकडे बोट दाखवलं. इथं पुरुषांनी टोपी काढायची आणि बायकांनी डोकं झाकायचं. देवाच्या दारात टोपी काढायची हे नानांना जड गेलं, मला दिसलं ते. पण काढली, नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मी ओढणी डोक्यावर घेतली. आत अंधार, मेणाचा वास, आणि सोनेरी चौकटीतले काळपट पडलेले संत. नानांनी एक मेणबत्ती लावली आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून उभे राहिले. त्या आजी लांबून बघत होत्या. निघताना त्यांनी नानांच्या हातात एक छोटा पाव ठेवला. काय बोलल्या ते मी सांगायच्या आधीच नानांनी तो कपाळाला लावला होता.

बाहेर आल्यावर म्हणाले, "हा तुझा निकितिन इथं येत असंल ना?"

नाही, हे चर्च त्याच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी झालं. त्याच्या काळातलं त्वेर लाकडी होतं आणि ते कितीदा तरी जळालं. १७६३ च्या आगीनंतर राणी कॅथरीननं मधला भाग नव्यानं आखून घेतला. एका चौकातून तीन सरळ रस्ते फुटतात ते तेव्हाचे.

"मग त्याचं काय राहिलं हितं?"

"नदी," मी म्हटलं.

नदीवर जायच्या आधी वाटेत राजवाडा लागतो. मॉस्को आणि पीटर्सबर्गच्या मधे राजघराण्याला मुक्काम करायला बांधलेला. आत चित्रं आहेत, नाना त्यांच्यासमोरून शांतपणे चालत गेले. मला स्वतःला त्या वाड्याची एकच गोष्ट आवडते आणि ती मी त्यांना सांगितली. १८११ मध्ये इतिहासकार करमझिन इथं आला आणि त्यानं आपल्या रशियाच्या इतिहासातले भाग झार पहिल्या अलेक्झांडरला वाचून दाखवले. त्याच करमझिनला एका मठातल्या जुन्या हस्तलिखितात निकितिनच्या नोंदी सापडल्या. तोवर तीनेक शतकं त्या कोणाच्या लक्षातही नव्हत्या.

दुपारी जेवणाची पंचाईत. नाना माळकरी, त्यामुळे अंडं घातलेले ब्लिनी, म्हणजे इथले घावन, तेही चालणार नाहीत. शेवटी ग्रेचकाचा, म्हणजे कुट्टूच्या दाण्यांचा भात, उकडलेले बटाटे, काकडी-टोमॅटो. ताट आलं आणि नाना हसायलाच लागले. सगळ्यावर शेपू! बटाट्यावर शेपू, काकडीवर शेपू. आई शेपूची भाजी करते त्या दिवशी घरात निम्मी माणसं तोंड वाकडं करतात, नाना सोडून. ते इतक्या आवडीनं जेवले की मला बरं वाटलं. टोमॅटो मात्र त्यांनी बोटानं दाबून पाहिला, फोड उजेडात धरली, आणि "लांबून आलाय हा, हिरवा तोडलेला" एवढंच म्हणाले. नारायणगावच्या मार्केटला आयुष्यभर टोमॅटो घातलेल्या माणसाला कोण फसवणार? पुढं फुटपाथवर म्हाताऱ्या बायका आपल्या बागेतले मुळे, कांद्याची पात, स्ट्रॉबेरी मांडून बसल्या होत्या. तिथं ते बराच वेळ रेंगाळले. एका आजींच्या मुळ्याची माती बोटांत चोळून बघितली. त्यांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि मला मधे बोलायची गरजही पडली नाही.

मग जुन्या पुलावरून व्होल्गा ओलांडली. नानांना वाटलं होतं नदी समुद्राएवढी असेल. इथं ती अजून लहान आहे, उगम याच त्वेर प्रांतात आहे. कास्पियन समुद्रापर्यंत तीन हजार किलोमीटर जायचंय तिला अजून. डावीकडे त्माकाच्या मुखाशी विजयस्तंभ दिसतो. १९४१ च्या हिवाळ्यात हे गाव दोन महिने जर्मनांच्या ताब्यात होतं, १६ डिसेंबरला सुटलं. नानांनी थांबून त्या दिशेला हात जोडले.

निकितिनचा पुतळा पलीकडच्या काठावर आहे, १९५५ साली उभारलेला. खाली नावेचा पुढचा भाग, त्याच्या टोकाला घोड्याचं तोंड, वर लांब झग्यातला दाढीवाला माणूस. खाली लिहिलंय की या धाडसी रशियन प्रवाशानं १४६९ ते १४७२ या काळात मैत्रीच्या हेतूनं भारताला भेट दिली. मी ते मराठीत वाचून दाखवलं.

"मैत्रीला नव्हता आला," नाना म्हणाले. "घोडा विकाया आलता. त्यात वाईट काय हाये?"

खरंच आहे. पुतळ्याच्या पायाशी बाकावर बसून मी फोनवर त्याच्या नोंदी उघडल्या आणि जुन्नरचा भाग त्यांना वाचून दाखवला, आजच्या रशियनमधून तिथल्या तिथं मराठी करत. वाटेत व्होल्गेच्या मुखाशी लूट झाली, घरी परतावं तर डोक्यावर कर्ज. तेव्हा तो पुढंच गेला. होर्मुझहून एक घोडा घेऊन जहाजातून चौलला उतरला. हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि रेडे होतात, त्यांच्यावरच माल वाहतात, असं त्यानं लिहिलंय. चौलहून पाली, मग उमरी, मग जुन्नर. जुन्नर खडकाच्या बेटावर आहे, माणसानं नाही, देवानं घडवलेलं; वर जायची वाट एवढी अरुंद की एका वेळी एकच माणूस चढतो.

"शिवनेरी!" नाना एवढ्या जोरात म्हणाले की शेजारच्या बाकावरच्या पोरी वळून बघायला लागल्या. अभ्यासक काहीही म्हणोत, मी वाद घातला नाही. महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे हा माणूस त्याच्याही दीडशेहून जास्त वर्षं आधी तिथं उभा होता.

पुढं पाऊस. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, आणि त्याच दिवसांत लोक नांगरतात, गहू, भात, हरभरा पेरतात. घोड्यांना हरभरा घालतात आणि साखर-तूप घालून खिचडीही शिजवून देतात. हे ऐकून नाना हसले, पण लगेच हिशोबात शिरले. घोड्याला शंभर रुबल पडलेत, पावसाळाभर बांधून खायला घालायचं, गिऱ्हाईक नाही, परका मुलूख. "झोप लागत नसंल त्याला," म्हणाले. आणि वर, जुन्नरच्या खानानं तो घोडाच काढून घेतला. हा मुसलमान नाही हे कळल्यावर निरोप पाठवला की धर्म बदल, घोडाही देतो आणि हजार मोहराही. नाही तर घोडा गेला आणि हजार मोहरांचा दंड तुलाच. चार दिवसांची मुदत. शेवटी खोरासानच्या एका मुसलमान माणसानंच, ख्वाजा महंमदनं, खानाकडे शब्द टाकून त्याला सोडवलं. नानांनी तेवढा भाग परत वाचायला लावला.

मला स्वतःला त्याचं दुसरंच एक पान जाळतं. लुटीत त्याची धार्मिक पुस्तकं गेली, त्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी हे त्याला कळेना. तो अंदाजानं सण पाळत राहिला. आणि एका ठिकाणी तो रशियनमध्ये नाही, तुर्की वळणाच्या मिश्र भाषेत लिहितो की देव रशियाची भूमी राखो, या जगात तिच्यासारखी भूमी नाही, जरी तिथले सरदार न्यायानं वागत नसले तरी. उणे पंचवीसच्या थंडीत हॉस्टेलच्या खोलीत लक्ष्मीपूजनाचा फोटो मोबाइलवर बघत बसलेल्या कोणालाही तो माणूस कळतो.

नाना गप्प होते. मग विचारलं, "परत आला का?"

नाही. क्रिमियावरून उत्तरेला निघाला आणि स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच वारला. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन राजाच्या एका कारभाऱ्याला दिल्या, १४७५ मध्ये.

"वह्या मॉस्कोला गेल्या. अन् घरी?"

मी काही बोलले नाही. वर्षानुवर्षं मी हे गाव, ही गोष्ट, हा पुतळा भारतातून येणाऱ्या नव्या पोरांना हौसेनं दाखवत आलेय. इथं, याच काठावर, कोणाचं तरी दार रोज उघडत असेल, हे मला नानांनी विचारल्यावर दिसलं. नाना व्होल्गेकडे बघत सांगायला लागले की आई सकाळी उठली की आधी त्वेरचं हवामान बघते, मग जुन्नरचं. उणे वीस दिसलं की दिवसभर बोलत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. फोनवर ती फक्त जेवलीस का विचारते. मी नानांचा हात धरून बसले. लहानपणानंतर पहिल्यांदाच असेन, आणि त्यांनीही सोडवला नाही.

संध्याकाळी खोलीवर येऊन खिचडी टाकली. पुढच्या आठवड्यात माउलींच्या प्रस्थानाआधी नानांना घरी पोचायचंच आहे. या वर्षी वारीहून आल्यावर आईला घेऊन रेवदंड्याला जायचं ठरवलंय त्यांनी. तिथं शाळेच्या आवारात निकितिनच्या नावाचा स्तंभ आहे, हे मी सांगितलं तेव्हापासून. आणि जुन्नरचा सगळा भाग मराठीत लिहून दे, गावात वाचून दाखवतो, असा हुकूम आहे. आज पहिलं पान झालं.

जुन्नरला मध्यरात्र उलटून गेलीय, पण आई जागी आहे. नाना तिला फोनवर घोड्याची गोष्ट सांगतायत, ख्वाजा महंमद येईपर्यंत पोचलेत, आणि मधेच मला ओरडून विचारतायत, "अगं, त्या खानाचं नाव काय म्हणालीस?"

असद खान, नाना.