पंधरा मिनिटांचं नाक

मार्च २०२५मध्ये स्वतःचे फोटो एआयकडून जपानी कार्टूनमध्ये बुडवून काढायची साथ आली होती, आठवतंय? माझ्या भाच्याने आईचाही एक तसा करून घरच्या ग्रुपवर टाकला. डोळे बशीएवढे, गालांवर लाली, मागे हिरवीगार टेकडी. पटापट बदाम आले. आईने चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि म्हणाली, "गोड आहे. कोण ही?"

पुढे एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परतताना आम्ही मुंबईत काळ्या घोड्यापाशी उतरलो. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२पासून तिथे आहे, पण मला ओढ बाहेरच्या फुटपाथची. तिथे चित्रकार समोर बसवून पोर्ट्रेट काढून देतात.

"बसा आजी."

"काकू म्हण," आईने बसण्याआधीच दर ठरवावा तसं नातं ठरवून घेतलं.

त्याने आधी नुसतंच बघितलं. पेन्सिल हातात, कागद कोराच. आईची पंचाईत झाली. तिने पदर सारखा केला, पर्स मांडीवर घेतली, मग उगाच बसकडे बघायला लागली. "काकू, इकडे. बोला हवं तर, पण मान हलवू नका." चार-पाच मिनिटांनी ती स्वतःला नीटनेटकं करायची थांबली. खांदे खाली आले. मधेच त्याचा फोन थरथरला, त्याने नजर टाकली आणि पालथा घालून ठेवला.

मला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून मीही आईकडे बघत उभा राहिलो. डाव्या भुवईत एक बारीक वण दिसला.

"हा कशाचा गं?"

"माळ्यावरून पितळी डबा पडला होता. तुझ्या वेळचा सातवा महिना होता."

माझं वय सांगत नाही, पण इतकी वर्षं मी विचारलं नव्हतं.

२०१० साली न्यूयॉर्कच्या 'मोमा' या कला-संग्रहालयात मरीना अब्रामोविच नावाची कलावती सगळे दिवस मिळून सातशेहून जास्त तास खुर्चीवर बसून होती. समोर कुणीही येऊन बसावं, बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं. कित्येक जण रडले म्हणे. तेव्हा मला वाटलं होतं, रिकामटेकडेपणाची कमाल आहे!

यंत्राला नावं ठेवायची मात्र मला सोय नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाउमने एलायझा नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो आपलंच वाक्य फिरवून प्रश्न करून परत द्यायचा, बस. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीला हे ठाऊक होतं, तरी एलायझाशी बोलताना तिने साहेबालाच खोलीबाहेर जायला सांगितलं! आमच्याकडे आई फोनमधल्या बाईशी गुडघ्यांबद्दल बोलते. ती बाई कधी कंटाळत नाही. मी तिसऱ्या वाक्याला "हं" म्हणून मोकळा होतो. फक्त त्या बाईला पालथा घालायला दुसरा फोन नसतो.

चित्रकाराने अंगठ्याने गालाची सावली पुसट केली आणि कागद फिरवला. डोळे आईचे, वण जागच्या जागी, नाक मात्र भलत्याच घराण्याचं. भाच्याने घरी लगेच त्याचा फोटो काढला.

"आजी, नाक दोन सेकंदांत सुधारून देतो."

"राहू दे रे," आई म्हणाली, "पंधरा मिनिटं घालवलीत त्याने त्या नाकावर."