अंगणातलं संमेलन

विलेपार्ले पूर्वेला, हनुमान रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या मंडळाचं संमेलन भरतं. हॉल आम्ही कधी घेतला नाही. गल्लीत उरलेल्या एकुलत्या एक कौलारू बंगल्याचं अंगण असताना हॉल कशाला? विमानतळ जवळ, त्यामुळे आजूबाजूच्या इमारतींच्या उंचीलाही मर्यादा आहे. अंगणात अजून ऊन येतं. डोक्यावरून विमान गेलं की वक्ता थांबतो, आवाज ओसरला की वाक्य पुढे नेतो. बाहेरचे पाहुणे दचकतात, पार्लेकर शेंगदाणे सोलत राहतात.

दीपप्रज्वलन, अहवाल, हिशेब, बक्षिसं हे सगळं रीतसर होतं आणि दरवर्षी लांबतं. त्याबद्दल अधिक काय सांगणार!

मी वाट बघतो ती बंगल्यातल्या आजींची. पत्रिकेत त्यांच्यापुढे ‘दोन शब्द’ छापलेलं असतं, पण त्यांना घड्याळ दाखवायची अध्यक्षांचीही छाती होत नाही. हातात कागद नाही, माईक जरा लांबच. सुरुवात ठरलेली: टिळक 1920 साली गेले आणि पार्लेकर नुसते हळहळत बसले नाहीत. पुढच्याच वर्षी पार्ले टिळक विद्यालय, 1923 मध्ये लोकमान्य सेवा संघ. मग 1930 ची मिठाच्या सत्याग्रहाची छावणी. जमनालाल बजाज तिथे होते, हे सांगताना आजींचा आवाज असा चढतो, जणू त्यांनीच बजाजांना पाणी नेऊन दिलं होतं. दिलं होतं सासूबाईंनी, असं घरात सांगतात. खरंखोटं कोणी विचारत नाही. त्यानंतर अंगणातली विहीर, रहाट, आणि नव्या सुनेला पहाटे ओढावं लागलेलं पाणी.

शेवटी बिस्किटं. स्टेशनाजवळचा पार्ल्याचा कारखाना 1929 चा. वारा फिरला की भाजल्या बिस्किटांचा वास थेट ओसरीवर यायचा. 2016 मध्ये तो बंद झाला. इथे आजी मान वर करून हवा हुंगतात. पुढच्या सतरंजीवरची पोरंही नाकं वर करतात. त्यातल्या निम्म्यांना तो वास कधी मिळालेलाच नाही. मला सगळं पाठ आहे, तरी घसा दाटतो.

मन खट्टू होतं ते हजेरीमुळे. पार्लं सोडून गेलेली मंडळी विरारहून, डोंबिवलीहून रविवारच्या मेगाब्लॉकमध्येही येतात. समोरच्या इमारतीतले मात्र गॅलरीतून बघतात आणि बटाटेवडे कढईत पडले की खाली उतरतात. वर्गणीचं तर विचारूच नका.

आता आभार, कारण तिथे कोणी राहिलं की वर्षभर ऐकावं लागतं. आपल्या घरातून माईकची वायर ओढू देणारे तळमजल्यावरचे काका, सतरंज्या वाहून आणणारा इस्त्रीवाला, पहाटे बटाटे उकडून देणाऱ्या तिघी वहिनी, तिळगुळाच्या पुड्या बांधणारी दहावीची मुलं (अभ्यास सोडून, तेव्हा त्यांच्या आयांचेही आभार), खुर्च्या मोजून परत करणारा आमचा खजिनदार, रात्री अंगण झाडणाऱ्या मावशी. हो, आणि चहाचं मोठं पातेलं देणारे कोपऱ्यावरचे हॉटेलवाले. गेल्या वर्षीच्या दोन सतरंज्या अजून परत आलेल्या नाहीत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या इस्त्रीवाल्याकडे पोचत्या कराव्यात, नाव विचारणार नाही.